ओढून कापणारे मिस्त्री

रहाटणीच्या मिस्त्रींकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. "बाही वर करा," म्हणाले. मी केली. बैल पारखावा तसं त्यांनी माझं कोपर पाहिलं, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत आपल्या वितीनं हात मोजला आणि निकाल दिला, "लेखणीचा हात हाय. लांब करवत झेपायची न्हाई." मी पिंपरीच्या एका कारखान्यात स्टोअरला कारकून आहे, हे मला अजून सांगायचंच होतं.

पन्नास सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली ही गोष्ट. चिंचवडात एका माडीवरच्या खोलीत आम्ही नवराबायको भाड्यानं राहत होतो. वखारीतून जळणाला बाभळीची लाकडं येत ती दोन-दोन हात लांब. अर्धं लाकूड चुलीत, अर्धं बायकोच्या पायात. कुऱ्हाड उचलावी तर घरमालक जिना चढून वर येत, कारण प्रत्येक घावाला वरची माती त्यांच्या ताटात पडे. शेवटी बायकोनं बजावलं, "घरात करवत आणा, नाहीतर शिजवलेलं मागू नका." वखारवाल्यानं सांगितलं, करवत घ्यायची तर मिस्त्रींना सोबत न्या. मिस्त्री पिढीजात सुतार. आसपासच्या गावांचे नांगर आणि बैलगाड्या त्यांच्याच हातच्या. म्हणून मी नदी ओलांडून रहाटणीला गेलो होतो.

मिस्त्रींबरोबर पुण्याला बोहरी आळीत करवत आणायला जाणं म्हणजे मुलगी बघायला जाणंच होतं. दुकानदारानं समोर ठेवलेली करवत ते आधी हातात घेऊन नुसती तोलत. मग पातं धनुष्यासारखं वाकवून सोडत आणि ते सरळ होतं का ते बघत. मग नखानं टिचकी मारून कान लावत. मग एक डोळा मिटून दात्यांच्या ओळीवरून नजर टाकत. एवढं झाल्यावर पिशवीतून बाभळीचा तुकडा काढून म्हणत, "आता कापून बघू." तिसऱ्या दुकानात आम्ही दहावी करवत परत केली तेव्हा शेठ वैतागून म्हणाले, "मिस्त्री, हिच्याशी लग्न लावायचं आहे का?"

"व्हय," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "आमच्यात सोडचिठ्ठी न्हाई."

अकरावी करवत पसंत पडली. ती घेऊन मी हरखून घरी निघालो, तर चिंचवड स्टेशनावर उतरल्यावर मिस्त्रींनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "आठ दिवसांनी देतो. हिची दातं उलटी हायेत."

उलटी म्हणजे काय, ते आठ दिवसांनी कळलं. दुकानातल्या विलायती धर्तीच्या करवतीचे दाते पुढे तोंड करून असतात. ती पुढे ढकलली की कापते. मिस्त्रींच्या घराण्यात करवत अंगाकडे ओढून कापायची रीत. सुतार जमिनीवर बसणार, लाकूड पायानं दाबणार आणि करवत आपल्याकडे ओढणार. म्हणून घरात येणाऱ्या प्रत्येक करवतीचा एकेक दाता ते कानशीनं घासून मागे वळवत. माझ्या कोऱ्या करवतीचंही त्यांनी तेच केलं होतं. मी जरा कुरकुरलो तर म्हणाले, "ढकलाय ती काय हातगाडी हाय? पातं ढकललं की वाकतं, ओढलं की ताठ ऱ्हातं. गाईचं दावं कवा ढकलून बघितलंय का?"

मी कबूल केलं की बघितलं नाही.

त्यानंतर मिस्त्री महिन्या-दोन महिन्यांनी आमच्याकडे येऊ लागले. माझी विचारपूस करायला येतात असं मला बरेच दिवस वाटत होतं. पण दारात आल्या आल्या ते आधी करवत मागत, मग पाणी. काम झालं की पातं तेलाच्या फडक्यानं पुसायचं, चुलीच्या वाफेपासून दूर खुंटीला टांगायचं, दाते भिंतीकडे. लाकडात खिळा आहे का हे आधी बोटांनी चाचपायचं. शेजाऱ्यांना मीठ द्यावं, विरजण द्यावं, करवत देऊ नये. यातलं काही चुकलं की त्यांना पात्याकडे पाहूनच कळे. एकदा त्यांनी एक दाता नाकाशी नेला, हुंगला आणि स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "वैनी, गूळ चांगला हाय हो."

झालं होतं असं की ढेप काही केल्या फुटेना म्हणून मी ती करवतीनं कापली होती. बायकोनं तत्काळ आतून सांगितलं, "मी नाही बाई, यांनीच!" मिस्त्रींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी वडिलांच्या धाकातसुद्धा कधी इतका ओशाळलो नव्हतो. त्या दिवशी त्यांनी गरम पाण्यानं दाते धुतले, चुलीच्या धगीशी कोरडे केले आणि जाताना म्हणाले, "मुंग्यांनी सांगितलंच असतं. मी जरा आधी आलो."

धार लावायलाही त्यांनीच शिकवलं. दोन फळ्यांत पातं घट्ट धरायचं, तिकोनी कानस घ्यायची आणि प्रत्येक दात्याला तीन घासे द्यायचे. चौथा द्यायचा नाही, आणि तिन्ही सारख्या जोराचे. मग एक दाता डावीकडे, पुढचा उजवीकडे असे जरासे फाकवायचे, म्हणजे करवत लाकडात अडकत नाही. एकदा मला त्यांची चूक सापडल्याचा मोठा आनंद झाला. "मिस्त्री, कानस मात्र तुम्ही ढकलता की!" मी म्हणालो. त्यांनी हातातल्या दात्याचा तिसरा घासा पुरा केला. मग म्हणाले, "कानस लोखंड खाती. लाकडाला जीव व्हता." माझा आनंद तिथेच संपला.

पण त्याच वर्षांत पिंपरी-चिंचवडच्या रानांत कारखान्यांची कुंपणं पडायला लागली होती. ज्यांचे नांगर मिस्त्री करत त्यांची मुलं डबा घेऊन शिफ्टला जाऊ लागली. एका उन्हाळ्यात रहाटणीला गेलो, तर दरवर्षी त्या दिवसांत मिस्त्रींच्या दारात पडलेले नांगर कुठे दिसेनात. ते रिकाम्या अंगणात बसून होते. माझी बाही, माझी करवत, कशाचीच त्यांनी चौकशी केली नाही. "भाऊसाहेब," ते म्हणाले, "तुमच्या कंपनीत मालाची खोकी कोन बनवतं?"

त्यांच्या तोंडून हा प्रश्न निघायला किती दिवस लागले असतील, ते माझ्या लक्षात आलं. खोक्यांच्या खात्यातला फोरमन माझ्या ओळखीचा होता. मी शब्द टाकला. तो म्हणाला, माणूस पाठवा, पण परीक्षा द्यावी लागेल. उभ्यानं, टेबलाच्या शिकंज्यात लाकूड धरून, कंपनीच्या करवतीनं. ठरलेल्या वेळात एक खोकं. जमिनीवर बसून काम चालणार नाही आणि कंपनीच्या करवतीच्या दात्यांना कानस लावायची नाही. हे शेवटचं मी मुद्दाम विचारून घेतलं होतं. मिस्त्रींना मी ओळखत होतो.

मी त्यांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते फक्त "बरं" म्हणाले. परीक्षेला तीन आठवडे होते. जमणार नाही असंच मला वाटत होतं. चाळीस वर्षं ओढणारा हात तीन आठवड्यांत कसा वळेल?

परीक्षेच्या आदल्या रविवारी मी गेलो. मिस्त्री अंगणात उभे होते. बैलगाडीच्या चाकांच्या दोन जुन्या तुंब्यांवर फळी टाकून त्यांनी टेबल केलं होतं आणि घामाघूम होऊन करवत पुढे ढकलत होते. त्यांच्या हातातली करवत त्यांच्या वडिलांची होती. ती ते कुणाला हातही लावू देत नसत. तिचे सगळे दाते त्यांनी घासून पुढे वळवले होते. लोखंडाचा कीस पायाशी चमकत होता.

मी वाकून तो कीस चिमटीत घेतला. तेच म्हणाले, "बाप काय बघाय येतोय? आन आला तरी जेवायलाच मागंल."

ते परीक्षेत पास झाले. फोरमननं मला बोलावून सांगितलं, इतका सरळ काप त्याच्या खात्यात कुणाचाच नाही. मी बायकोला पेढे आणायला लावले. मिस्त्री खाकी कपडे घालून भोंग्याच्या आधी फाटकाशी उभे राहू लागले. आम्ही त्यांची थट्टा करायचो, की सूर्य आता त्यांना विचारून उगवतो. ते हसत. चेहरा भरला, दारात दोन शेळ्या आल्या. आमच्याकडे येणं मात्र कमी होत गेलं. शिफ्ट असे, ओव्हरटाइम असे. करवतीला धार मीच लावू लागलो.

तीनेक वर्षांनी आम्हाला मुलगी झाली. मिस्त्रींना कळलं तसे ते सुटीच्या दिवशी सागवानी फळ्या खांद्यावर घेऊन हजर झाले. "पाळणा मी करनार," म्हणाले. बायकोनं बाळ त्यांच्या पुढे धरलं, तर त्यांनी आधी तिचं कोपर पाहिलं. मग त्यांनी खुंटीवरची करवत काढली, दाते पाहिले, "बरी लावलीया धार" म्हणाले. मी फुशारलो.

फळी त्यांनी खिडकीच्या कठड्यावर ठेवली आणि उभ्यानंच करवत ढकलली. ती लाकडात शिरेना. पुन्हा जोर लावला. पातं वाकलं. त्यांनी दाते पुन्हा पाहिले, जमिनीवर बसले, फळी पायाखाली घेतली, आणि हात परत पुढेच गेला. करवत रेघेवरून सटकली. मी म्हणालो, "मिस्त्री, ओढा. तुम्हीच वळवलेत ना दाते?" ते ओढू लागले. दोन वेळा नीट ओढलं की तिसऱ्या वेळी हात आपोआप पुढे जाई आणि करवत अडके. फळीवर वेडावाकडा ओरखडा उमटला होता. मिस्त्रींच्या हातचा.

त्यांनी करवत मांडीवर ठेवली आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. दुसऱ्याची वस्तू चुकून उचलून आणल्यासारखं. "हात कंपनीचा झाला, भाऊसाहेब," ते म्हणाले.

मला फार वाईट वाटलं, आणि त्यात माझा शब्दही होता हे विसरता येईना. कंपनीनं त्यांना जेवायला घातलं होतं, हेही खोटं नव्हतं. मी काहीतरी समजूत घालायला लागलो, पण त्यांनी ती ऐकली नाही. फळी पायानं दाबून धरली आणि करवतीची मूठ माझ्याकडे केली.

"तुमी ओढा. मी धरतो."

मी त्यांच्यासमोर बसलो आणि ओढू लागलो. ते वाकून रेघेवरचा भुसा फुंकत राहिले.