टॉवर बघून आखलेलं जंगल : खानवेल-दुधनी, तीन दिवस सायकलवर

सायकलवर तंबू बांधून जंगलात जायचं तर पहिला प्रश्न टायर कुठला घ्यायचा हा असतो, असं सगळे ब्लॉग सांगतात. माझा पहिला प्रश्न होता, दुधनीला नेटवर्क येतं का.

कारण सांगतो. सेलवासजवळ सायलीत माझा बाटल्यांची झाकणं बनवायचा छोटा कारखाना आहे. अमळनेरहून आलो तेव्हा अशाच एका शेडमध्ये हेल्पर होतो, पुढे ऑपरेटर झालो, मग कुणाच्या तरी भंगारात निघालेल्या मशिनी उचलून स्वतःचं सुरू केलं. तेव्हापासून मशिनींना सोडून कुठे राहिलेलो नाही. लग्नाला गेलो तरी मांडवातून फोन चालू. मुलगी मृणाल प्लास्टिकचंच इंजिनिअरिंग करून गेल्या वर्षी माझ्या हाताखाली आली. हाताखाली म्हणजे, मी तिला बिलं तपासायला बसवलं. मशिनीजवळ गेली की मी पाठोपाठ. शेवटी वडोदऱ्याच्या एका कंपनीने तिला बोलावलं आणि तिने घरी जेवताना शांतपणे सांगून टाकलं.

"पप्पा, मला इथे ठेवायचं असेल तर तीन दिवस कारखाना माझ्या एकटीवर सोडा. ऑफिसात फोन करायचा नाही, मधेच यायचं नाही. जमलं तर मी राहते. नाही जमलं तर सोमवारी त्यांना हो म्हणते."

मी म्हटलं, तीन दिवस मी जाऊ कुठे? बायको भाकरी थापता थापता म्हणाली, ती सायकल घेतली आहे ना, वर्षभर तिच्यावर माझे कपडे वाळत आहेत.

तर अशी ही सहल ठरली. निसर्गाची ओढ वगैरे नंतर आली.

बरोबर दोघे. सावंत सर मूळ कुडाळचे, इथल्या सरकारी शाळेत भूगोल शिकवतात आणि नकाशा उलटा धरला तर मोठ्या माणसालाही रागावतात. धर्मेशभाईंचं नरोलीला टाइल्सचं दुकान आहे. त्यांना सायकल चालवण्यापेक्षा सायकलचं सामान घेणं जास्त आवडतं. त्यांच्याकडे कॉफी दळायचं एक यंत्र होतं, तंबूत लटकवायचे दिवे होते, घडीची खुर्ची होती. ज्या रस्त्याने जायचं त्याला ते 'ग्रॅव्हल' म्हणत. मी विचारलं, म्हणजे नक्की काय? सर म्हणाले, टेंडर निघालं आणि डांबर आलं नाही, तो रस्ता.

आमच्या नियोजनाच्या तीन बैठका झाल्या. सर चढ-उतारावरून मुक्काम ठरवत होते, धर्मेशभाई खुर्ची कुठे नीट बसेल त्यावरून, आणि मी टॉवरवरून. खानवेलच्या बाजूला बिस्किटं आणि वेफर्स पोचवणारे टेम्पोवाले माझ्या गेटसमोर चहा प्यायला थांबतात. त्यांना मी गप्पांत विचारून घेतलं, कुठल्या टेकडीवर फोन लागतो, कुठल्या वळणावर जातो. मग बैठकीत म्हणायचं, सर, ही टेकडी घेऊ, सूर्यास्त छान दिसेल. सरांनी एकदा नकाशावरून चष्म्याच्या वरून बघितलं. "पाटील, तुम्ही निवडलेल्या प्रत्येक टेकडीला सूर्यास्त पूर्वेला होतो." मी विषय पाण्याच्या बाटल्यांवर नेला.

जाणाऱ्यांसाठी कामाच्या चार गोष्टी इथेच सांगतो. डिसेंबर-जानेवारी उत्तम, पण पहाटे थंडी चांगलीच वाजते. टायर रुंद हवेत आणि ट्यूब जास्तीच्या हव्यात, कारण बोरी-बाभळीचे काटे कंपनी बघत नाहीत. जंगल खात्याच्या जागेत तंबू ठोकू नका. पाड्यावर विचारा, खळं मिळतं. भात झोडून झाल्यावरचं सारवलेलं खळं म्हणजे तंबूसाठी तयार ओटा. आणि सेलवासचे असाल तर बाटली घरी ठेवा. आपल्याकडे रस्ता मध्येच दारूबंदीच्या गुजरातेत शिरतो आणि पुन्हा बाहेर येतो, त्याला तुमच्या पिशवीत काय आहे याची फिकीर नसते. तिथल्या पोलिसांना असते.

शुक्रवारी सकाळी निघालो. राखोलीपर्यंत सायकल चालवणं म्हणजे ट्रेलरच्या आरशात स्वतःला बघत जाणं. रात्रपाळी सुटत होती, पहिली पाळी आत जात होती, आणि त्या गर्दीतून आम्ही तिघे हेल्मेट घालून, लग्नाचं सामान वाहणाऱ्या उंटांसारखे. एका पोराने दुसऱ्याला विचारलं, हे काय विकत आहेत? दुसरा म्हणाला, काही नाही रे, पगार जास्त झालाय. राखोलीचा पूल ओलांडला आणि दमणगंगेनंतर हळूहळू भोंगे संपले, साग सुरू झाला. खानवेलला पोहे आणि दोन-दोन चहा, तिघांचं मिळून एका सिनेमाच्या तिकिटाहून कमी.

पुढे मांदोनीच्या बाजूला डांबर सोडलं. मुरूम, खडी, मधेच मऊ धूळ. पहिल्या चढावर धर्मेशभाईंची खुर्ची सुटून ओढ्यात गेली. त्यांनी उतरून ती आणली, उघडली आणि तिच्यावर बसून दम घेतला. म्हणाले, "जोयुं? कामाला आली ना."

संध्याकाळी ठरलेल्या टेकडीखालच्या पाड्यावर जानीबाई नावाच्या वारली म्हातारीने आपलं खळं दिलं. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, सुक्या मासळीची चटणी. पैसे घेईना, तेव्हा सरांनी बरोबर आणलेल्या वह्या तिच्या नातवंडांना दिल्या. मी म्हटलं, जरा सूर्यास्त बघून येतो.

आता अट काय होती? ऑफिसात फोन नाही. आमचे वॉचमन दुबेजी गेटवर बसतात, गेट काही ऑफिसात येत नाही. मी दुबेजींना लावला आणि सांगितलं, बोलू नका, फक्त फोन शेडकडे धरा. इतक्या वर्षांत मशीन बरी की आजारी हे मी कानाने ओळखतो. मोल्डचे, म्हणजे साच्याचे, दोन भाग मिटताना प्रत्येकीचा ठोका वेगळा. दोन नंबरचा कोरडा, पाच नंबरचा घाईचा, आणि चार नंबरची, माझी सगळ्यात जुनी, ती मिटताना दाराला पाय लावल्यासारखा आवाज करते. सगळ्या चालू होत्या. मी फोन कानाला लावून बराच वेळ एक अक्षर न बोलता उभा होतो. खाली आलो तेव्हा जानीबाई सरांना सांगत होती, "बायको लय बोलत असंल याची. बिचारा एकसुद्धा शब्द बोलला नाय."

दुसरा दिवस खरा घामाचा. दुधनीकडे जाताना चढ संपला म्हणावं की पुढचं वळण नवा चढ दाखवतं. पण वर आलं की एकदम मधुबन धरणाचं पाणी खाली पसरलेलं दिसतं, मधे टेकड्या बेटांसारख्या, आणि माणूस शिवी द्यायचं विसरतो. दुधनीच्या धक्क्यावर शिकारे, म्हणजे छताच्या होड्या आहेत. त्यात मुंबईची एक मंडळी बसत होती. बाई नवऱ्याला म्हणत होत्या, इथे किती शांत आहे ना, आणि नवरा म्हणत होता, हो, पण वायफाय नाही. त्या माणसाशी मला मैत्री करावीशी वाटली.

मुक्काम पाण्याच्या वरच्या टेकाडावर. ऊन उतरायला लागल्यावर मी पुन्हा सूर्यास्ताला गेलो. दुबेजींनी फोन शेडकडे धरला. दोन नंबर, पाच नंबर, बाकीच्या. चार नंबरचा ठोका नव्हता. मी डोळे मिटून ऐकलं. नव्हताच. दुबेजींना विचारलं तर म्हणाले, "सेठ, दीदी ने बंद करवाई है. सुबह से खोल के रखी है." आणि दुसऱ्याच दिवशी तिच्यावरच्या झाकणांची गाडी जायची होती.

मी तंबू गुंडाळायला लागलो. सर आले, उभे राहिले.

"चार नंबर बंद आहे," मी म्हणालो.

"मृणालचा फोन आला?"

"नाही. ऐकू येत नाहीय."

सरांना सूर्यास्ताचं सगळं गणित तेव्हा सुटलं असावं. रागावले मात्र नाहीत. म्हणाले, खाली शेवटची जीप खानवेलला जाते, जा. पुढे म्हणाले, "फक्त एक करा. सोमवारी तिचं सामान वडोदऱ्याला पोचवायलाही तुम्हीच जा."

धर्मेशभाई खुर्चीतून म्हणाले, "टेम्पो माझ्या ओळखीचा आहे, पाटीलभाई. भाडं वाजबी लावेल."

मला दोघांचा राग आला. माझी गाडी अडकणार होती, त्यांची नाही. सायकल ढकलत खाली उतरलो, जीपच्या टपावर चढवून बांधली आणि आत बसलो. इकडची जीप भरल्याशिवाय हलत नाही. पुढच्या बाकावर एक बाई सुक्या मासळीची पाटी पायाशी घेऊन बसली होती, शेजारी तिची ओळखीची. पाटीवालीचा फोन वाजला. तिचा मुलगा राखोलीला कंपनीत असावा. जीप मिळाली का, जागा मिळाली का, पाटी आत घेतली का, टपावर तर नाही ना ठेवली. तिने सगळ्याची उत्तरं दिली. फोन ठेवला तोच पुन्हा वाजला. ड्रायव्हर कोण आहे? तिने ड्रायव्हर कोण आहे तेही सांगितलं.

"त्याला नोकरी लागली तवापासून मला बाजार करता येत नाय," ती शेजारणीला म्हणाली.

"मग उचलतेस कशाला?"

"नाय उचलला तर येल इथंच."

शेजारीण हसली. पाटीवाली हसली नाही. ती फोन हातातच धरून बसली, आता परत वाजणार म्हणून.

दोन माणसं आली, जीप भरली, ड्रायव्हरने चावी लावली. मी म्हटलं, थांब, सायकल उतरव. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी जीपच विकत घ्यायला आलो आहे. चढवायचे पैसे घेतले नव्हते, उतरवायचे घेतले. जीप गेली तरी मी रस्त्यावर उभा होतो. खरं सांगू का, तेव्हा काही शहाणपण सुचलं म्हणून नाही उतरलो. ती बाई फोनकडे ज्या नजरेने बघत होती, ती नजर मी घरी जेवणाच्या ताटासमोर बघितली होती, एवढंच.

वर आलो तेव्हा खिचडी झाली होती. धर्मेशभाईंनी खुर्ची सोडून मला बसायला दिली. सबंध सहलीत पहिल्यांदा.

तिसऱ्या दिवशी उतार जास्त. खानवेलहून वळून खेरडीच्या शेतांतून आलो. तुरीला शेंगा धरल्या होत्या, एका शेताच्या कडेला ऊंबाडियुं लागलं होतं. मडक्यात पापडी, रताळी, कंद भरून उलटं ठेवून भाजतात, हिरवी चटणी आणि ताक बरोबर. हिवाळ्यात या बाजूला आलात तर चुकवू नका, एका पानात दोघांचं भागतं. तिथे फोनला पूर्ण नेटवर्क होतं. मी तो धर्मेशभाईंच्या पिशवीत टाकला आणि पिशवीची चेन लावून घेतली. चेनही हातभर अंतरावर नको म्हणून पुढे निघालो.

संध्याकाळी सरळ सायलीला गेलो, घामाच्या कपड्यांत, सायकलसकट. दुबेजी उभे राहिले आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. मी गेटवरच थांबून कान लावला. चार नंबर चालू होती की नाही, मला कळेना. सगळ्या मशिनी चालू असल्यासारखं वाटत होतं, पण दाराला पाय लावल्याचा आवाज कुठेच नव्हता.

मृणाल शेडमधून आली. हाताला ग्रीस. मी काही विचारायच्या आत तिने सांगितलं, चार नंबरचा साचा ज्यांवर सरकतो ते सगळे बुश बदलले. तुम्ही दोन वर्षं म्हणत होतात, चालतंय तोवर चालू दे. ती मिटताना वाकडी मिटत होती, म्हणून आवाज येत होता. मला तो मशिनीचा स्वभाव वाटत होता.

"आणि गाडी?"

"अर्धी गेली. अर्धा माल मंगळवारी. मी त्यांना आधीच फोन करून सांगितलं होतं. खूप बोलले. ऐकून घेतलं."

म्हणजे माझ्या हिशेबाने नुकसान झालंच होतं. तोंडाशी आलेलं वाक्य मी ताकासारखं गिळलं. तिने ते बघितलं.

"काल तुम्ही दुबेजींना फोन केलात तेव्हा मी बाजूलाच उभी होते, पप्पा. आधी नुसता तुमचा श्वास ऐकू येत होता, मग चार नंबरचं विचारलंत."

अट मोडलीच होती. गेटचा कायदेशीर मुद्दा मी काढणार होतो, पण धीर झाला नाही. म्हटलं, मग वडोदऱ्याला कळवलंस?

"काल रात्री जेवलेच नाही. म्हटलं आता येतील, मग येतील. आई म्हणाली, तो माणूस चालत पण येईल." ती हात पुसायला लागली. "आला नाहीत. सकाळी त्यांना नाही म्हणून कळवलं."

घरी आल्यावर सगळे विचारतात, काय मिळालं जंगलात? पाय आठवडाभर दुखले. नाकाचं साल निघालं. दुधनीचं पाणी अजून डोळ्यांसमोर येतं, तेही बहुतेक बिलं तपासताना, कारण बिलं आता मी तपासतो. सर मागच्या रविवारी एक दरी दाखवत होते, जिथे कसलाच टॉवर नाही. मी म्हटलं, तिथे सूर्यास्त कसा असेल? ते म्हणाले, पश्चिमेला असेल.

कारखान्यात मात्र एक अडचण झाली आहे. चार नंबरचा नवा आवाज मला अजून लागत नाही. बाकीच्यांचेही बुश ती एकेक करून बदलते आहे, त्यामुळे त्याही मुक्या होत चालल्या आहेत. कुठली मशीन कशी चालली आहे हे कळायला मला आता शेडमध्ये जाऊन मृणालला विचारावं लागतं. ती सांगते, नीट समजावून सांगते. पण आधी हातातलं काम पुरं करते, आणि तोवर मी तिथे उभा असतो.