बुधवारी या

समोरच्या दारावर पाटी आहे, 'फॉल-पिको करून मिळेल.' जिन्यात पावलं वाजली की ती त्याच दाराशी थांबतात. सुनंदाताई दार किलकिलं करतात, साडीचा पोत बोटांनी चाचपतात आणि म्हणतात, "बुधवारी या." बायका मुकाट्याने परत जातात.

मला त्या दोन शब्दांचा हेवा वाटतो. मी वीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिलंय. बाबांच्या आजारपणात नोकरी सोडली आणि आता घरून करता येईल असं अर्धवेळ काम शोधतोय. रोज अनोळखी लोकांना अर्ज पाठवतो. कुणी म्हणतं, आधी नमुन्यादाखल थोडं करून दाखवा. मी करून दाखवतो, मग तिकडून काहीच येत नाही. सुनंदाताईंना कधी कुणी म्हटलंय का, की आधी अर्ध्या साडीला फॉल लावा, आवडला तर कळवू? कामं मिळतात त्या साइटवर माझ्या नावाशेजारी दिवसभर हिरवा ठिपका असतो, मी हजर आहे हे सांगायला. त्या मात्र दुपारी दार लावून खुशाल झोपतात.

आज त्या झोपलेल्या असताना आमची बेल वाजली. दारात एक बाई, हातात मोरपिशी साडी.

"समोर कुणी दार उघडत नाहीये. तुमच्याकडे ठेवू का?"

मी साडी घेतली. उगाचच पोत चाचपला. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी माझ्या दारात काम घेऊन उभं होतं.

"कधी मिळेल?" तिने विचारलं.

"बुधवारी या," मी म्हणालो.