लायलमामाच्या गाडीच्या उघड्या काचा

लायलमामा मार्चमधे गेला. साधा माणूस. नेब्रास्कातल्या आमच्या गावात एकतीस उन्हाळे दर शुक्रवारी आगीच्या बंबखान्यासमोर त्याने बर्गर भाजले, एवढीच त्याची कीर्ती. बीफच्या खिम्याची टिक्की, मीठ, बास. टिक्की जाळीवर पडली की उलथन्याने दाबायची, चरबी गळायची, जाळ भसकन वर यायचा नि लोक म्हणायचे, चला, लायल लागला कामाला.

मग त्याच्या हृदयात दोन स्प्रिंगा बसवल्या. डॉक्टरीणबाई म्हणाली, चरबी बंद.

मामा म्हणाला, "मग शुक्रवारी मी काय करू?"

"फिरायला जा."

मामा फिरायला गेला. बंबखान्यापर्यंत गेला नि परत आला.

आर्डिसमामीनेच मग ठरवलं. "भाजायचं तर माझ्या पद्धतीने. आपल्याला जे चालत नाही ते लोकांना घालायचं नाही. जमत नसेल तर ॲप्रन मर्लिनला देऊन टाक."

मर्लिन म्हंजे बंबवाल्यांचा मुख्य. त्याचा त्या ॲप्रनवर दहा वर्षं डोळा होता.

मामीने बिनचरबीचा खिमा आणला, त्यात मूठभर ओट्स नि कांदा घातला. मामाने सवयीने टिक्की दाबली. जाळ काही आला नाही. टिक्की कुत्र्याला दिली. कुत्र्याने ती अंगणात पुरली.

"अरे दाबतोस कशाला? होतं नव्हतं ते पाणी पण काढलंस!"

"हात आपोआप जातो गं."

"मग हात खिशात घाल."

तेव्हापासून टिक्की उलटली की मामा हात खिशात घालायचा, उलथन्यासकट. दोन पँटी गेल्या. तरी टिक्की कोरडीच. शेवटी मामीने झुकिनी, म्हंजे आपल्या दुधीची हिरवी बहीण, किसून घातली, निम्मं पाणी पिळून. मग जमलं. कुत्र्याने पण पुरली नाही.

आता आमच्या गावात घराला, गाडीला कुणी कुलूप लावत नाही. फक्त ऑगस्टमधे गाडीला लावतात. तेव्हा मळ्यात झुकिनी इतकी येते की फुकट पण कुणी घेत नाही, म्हणून लोक दुसऱ्याच्या गाडीत टाकून पळतात. चर्चमधून बाहेर यावं तर सीटवर पाच पडलेल्या.

ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारी मामाने नवे बर्गर मांडले. सांगितलं कुणालाच नाही. नुसता लोकांच्या तोंडाकडे बघत होता. तेवढ्यात मर्लिन बशी घेऊन आला.

"लायल, तुझ्या गाडीच्या काचा उघड्या आहेत."

"असू देत."

"ऑगस्ट आहे."

"माहीत आहे."

"मंगळवारी पण उघड्या होत्या. माझ्या बायकोने सहा टाकल्या. तू म्हणे हात हलवून थँक्यू म्हणालास."

मामाने एक टिक्की उलटली नि हात खिशात घातला. मर्लिनने पाव उघडून आत बघितलं. "हे हिरवं काय?"

"झुकिनी."

सगळी रांग थांबली. मामाने ॲप्रनची गाठ सोडायला हात मागे नेला. मर्लिनने अजून एक घास घेतला नि बराच वेळ चावत राहिला.

"म्हंजे आमच्या बायकांनी तुझ्या गळ्यात मारलेली झुकिनी तू आम्हालाच परत घालतोस."

"हो."

"पावात."

"हो."

"माझ्याकडे अजून दहा आहेत, घेऊन जा. नि ॲप्रन नीट बांध, लोंबतंय."

त्यानंतर मामाला चार उन्हाळे मिळाले. डॉक्टरीणबाईने दोन सांगितले होते.

या ऑगस्टला ॲप्रन मर्लिनला मिळालं. मामी मामाची गाडी घेऊन गेली, बंबखान्यासमोर लावली, काचा खाली केल्या नि कांदा चिरायला आत गेली. बाहेर आली तर गाडी झुकिनीने भरलेली. मागे, पायाशी, शेजारच्या सीटवर. मामाच्या जागेवर मात्र कुणी एक पण ठेवली नव्हती.

मामी बघत उभी राहिली. तेवढ्यात शेगडीकडून चर्र आवाज आला.

"मर्लिन," मामी वळून म्हणाली, "हात खिशात घाल."