संगमावरचं गढूळ पाणी

देवावर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकतो. मादन हिप्परग्यात आमचं कापडाचं दुकान आणि थोडी जमीन. रझाकारांच्या धामधुमीच्या त्या वर्षी सगळं गाव शिवारात पळालं, तेव्हा मी आणि माझी बायको उभ्या ज्वारीत दिवसभर पालथे पडून होतो. जीव वाचला, दुकानही वाचलं. पण घरी परतलो आणि डावा हात थरथरायला लागला, तो थांबेचना. उजवा थरथरला असता तर कापड मोजायला कुणी गडी ठेवला असता. पण आम्ही लिंगवंत. गळ्यातलं इष्टलिंग रोज सकाळी डाव्या तळहातावर घ्यायचं, त्यावर पाणी घालायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा आणि नजर त्याच्यावर ठेवून बसायचं. ही पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा घोट घ्यायचा नाही. देवाने नेमका तोच हात नासवावा, हे मला फार लागलं होतं.

वैद्याचं तेल झालं, हकिमाचा लेप झाला. मठातले स्वामी, ज्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणतो, त्यांनी कोपर पाटावर टेकवून पूजा करायला सांगितलं. तेही करून पाहिलं. मी उजव्या हाताने डावं मनगट गच्च धरायचो, दात-ओठ खायचो, आणि जितकं दाबून धरावं तितका तो जास्त उसळायचा. बेलाचं पान उडून मांडीवर पडायचं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दुपार व्हायची, चूल थंड पडायची आणि मी उपाशीच उठायचो. अंगावरचा सदरा ढगळ व्हायला लागला. शेवटी बायको म्हणाली, “गाणगापूरला जाऊ. दत्ताच्या दारात लिंगवंत का बामन, कोन इचारायलंय?” मला विश्वास नव्हता, पण तिच्याशी वाद घालण्याइतकं बळही उरलं नव्हतं.

थंडीचे दिवस होते. भीमा-अमरजेच्या संगमावर अंघोळ करून मी काठच्या दगडावर पूजेला बसलो, पाय पाण्यात. चांदीच्या डबीतून लिंग काढून तळहातावर घेतलं, आणि हाताला असा हिसका बसला की ते माझ्या डोळ्यांदेखत पाण्यात गेलं. आमच्यात लिंग अंगावेगळं होणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. ते मिळेपर्यंत अन्नपाणी वर्ज्य, आणि मिळालंच नाही तर जुन्या माणसांच्या मते त्या जगण्याला अर्थ नाही. बायकोने टाहो फोडला. मी उडी घेतली. माझं बघून अंघोळीला आलेली माणसंही धावली. जो तो हातापायांनी चाचपू लागला, आणि बघता बघता काठचं पाणी चहासारखं झालं. लिंग काळं, सुपारीपेक्षा थोडं मोठं. त्या चिखलात ते कुणाला दिसणार?

तेवढ्यात मागून आवाज आला, “नक्को! सब बाहर आव. पानी को छोड दो.”

वळून पाहिलं तर हैदराबादेहून आमच्या गावात येणारा चिनी कापडवाला. पाठीवर रेशमाचं गाठोडं घेऊन तो गावोगाव फिरायचा, बायका त्याला चिनी अण्णा म्हणायच्या. माझ्या दुकानासमोर बसून तो माझंच गिऱ्हाईक ओढायचा, त्यामुळे त्याचं तोंड पाहायला मला कधी आवडलं नव्हतं. पण त्या आवाजात असं काही होतं की आम्ही सगळे बाहेर येऊन काठावर बसलो. बायको मात्र माझ्यावर ओरडली, “लिंग वाहून जाईल की हो! कामून बसलाव असं?”

“पत्थर है, अम्मा,” तो म्हणाला. “पत्थर किधर जाता?”

तो माझ्या शेजारी बसला. त्याने डोळे मिटले नाहीत, काही पुटपुटला नाही. जोडे काढून पायाची बोटं उन्हात हलवत राहिला. मी दोनदा उठायला गेलो, दोन्ही वेळा त्याने खांद्यावर हात ठेवला. मग मी खरोखरच बसलो. ज्वारीतल्या त्या दिवसानंतर काहीही न धरता बसण्याची ती पहिलीच वेळ. आपल्या हातात आता काहीच नाही, हे कळलं आणि मला रडू फुटलं. हळूहळू माती खाली बसली, वाळू दिसायला लागली, आणि माझ्याच पावलाच्या ठशाशेजारी लिंग दिसलं. अलगद उतरून ते उचललं. हात तसाच थरथरत होता, पण मनगट धरायचं मी विसरून गेलो होतो. लिंग तळहातावर राहिलं. त्या दिवशी पूजा एका बैठकीत झाली.

मी त्याला विचारलं, तुमचा देव कोणता? तो म्हणाला, “नाम नै उसका. हमारे बुजुर्ग रस्ता बोलते. ताओ.” एवढंच.

पुढे फेरीवर आला की तो माझ्याच ओट्यावर गाठोडं सोडायचा. माझी बायको माझ्या दुकानात उभी राहून त्याच्याकडून रेशीम घ्यायची, आणि मी हसायचो! आजोबांकडून शिकलेलं तो तुकड्या-तुकड्यांत सांगायचा. पहाटे बांधावर तो गुडघे किंचित वाकवून, हात सैल सोडून उभा राहायचा. मीही शेजारी उभा राहू लागलो. गाव हसलं, “सावकार चिनी व्हायलाय की रे!” मलाही शंका आली. आपण धर्म तर सोडत नाही ना? अप्पांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते मनापासून हसले. म्हणाले, “बयलु म्हणतो आपण. मोकळं, कुठंच कूड न्हाई असं. त्याचा रस्ता तिकडंच जायलाय, तर जा की. लिंग तेवढं सोडू नको.”

भाषेवार राज्यं झाली त्या सुमारास त्याचं येणं थांबलं. हैदराबादेला जाऊन शोध घ्यावा असं मनात यायचं, पण गेलो नाही. ज्याच्यामुळे मला माझा देव परत मिळाला, त्याचं मी धड नावही विचारलं नव्हतं, आणि त्याचे उपकार मात्र रोज सकाळी आठवतात. हात अजून थरथरतो. लिंगावर घातलेलं पाणी तळहातात हलतं, बेलाचं पान हलतं, आणि पूजा होते. लिंग पडलंच एखाद्या दिवशी, तर मी आधी खाली बसेन.