ब्रेकताईंचा पाय

गाडी शिकवणाऱ्या बाईंना सगळे ब्रेकताई म्हणत, आणि हे नाव त्यांनी पायाने कमावलं होतं. शिकणाऱ्याने चालवायचं, ताईंनी शेजारी बसायचं, आणि ताईंच्या पायाखाली त्यांचा स्वतःचा वेगळा ब्रेक. समोर मांजर येवो की नुसती मांजराची शंका, उजवा पाय दाणकन खाली! घरी टीव्ही बघतानाही तो आपटायचा. नवरा म्हणायचा, "अगं, खालच्या मजल्यावर माणसं राहतात!"

या बाईने साठी जवळ आल्यावर विमान शिकायला घेतलं. विमान चिमुकलं, दोन खुर्च्यांचं. समोर चकचकीत पडदा, हातात एक दांडा. शिकवणारा वैमानिक त्यांचाच जुना शिष्य. जमिनीवर त्या त्याला "अरे" म्हणायच्या, चाकांनी जमीन सोडली की "सर".

वर गेलं की ताईंना हसू आवरायचं नाही. विमान कललं की हसू, ढग आला की हसू. पण उतरताना धावपट्टी अंगावर येऊ लागली की पाय दाणकन खाली! या विमानाचा ब्रेक हाताचा. पायाखालची पट्टी दाबली की वळायचं ते शेपटीचं पातं. नाक भसकन उजवीकडे जायचं.

"ताई, हा पाय आवरा," शिष्य काकुळतीला आला. "नाहीतर तुम्हाला एकटीला सोडायची माझी हिंमत नाही."

ताईंचं तोंड एवढंसं झालं. एकटीनं उडायचं, त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. जन्मभर दुसऱ्याच्या हाती चाक देऊन शेजारी बसलेली बाई ती!

मग नवऱ्यानेच युक्ती काढली. सोफ्यासमोर, ताईंचा पाय आपटायचा नेमक्या त्या जागी, पाण्याने भरलेलं पातेलं ठेवलं आणि टीव्हीवर गाड्यांचा पाठलाग लावला. आधी गालिचा भिजला, मग नवरा भिजला. होता होता पातेलं भरलेलंच राहू लागलं.

एका सकाळी शिष्य खाली उतरला, दार लावलं आणि म्हणाला, "जा ताई."

त्याचं वजन गेल्यावर विमान टुणकन उडालं. "अगं बाई!" ताई ओरडल्या, आणि गावभर ऐकू जाईल अशा हसत सुटल्या. उतरताना मात्र सवयीने शेजारी बघितलं. खुर्ची रिकामी. पाय शिवशिवला.

"घाबरू नकोस, मी आहे ना," ताई मोठ्याने म्हणाल्या. शिकाऊ माणसांना म्हणायच्या तसंच, फक्त या वेळी स्वतःला. पाय जागचा हलला नाही. चाकं अलगद टेकली आणि बाई एकटीच रडत-हसत टाळ्या पिटत राहिली.

दुसऱ्या दिवशी मोकळ्या मैदानावर एक घाबरट कारकूनबाई नेहमीसारखी गाडी शिकायला आली. ताई शेजारी चक्क मांडी घालून बसल्या.

"ताई! तुमचा पाय?"

"वर घेतलाय. चालव तू."

समोरून कुत्रं आलं. कारकूनबाई किंचाळली, डोळे मोठे केले आणि ब्रेक दाबला. गाडी थांबली. इतके महिने शिकत होती ती, पण स्वतःच्या पायाने गाडी थांबवायची वेळ ताईंनी तिच्यावर कधी येऊच दिली नव्हती.