दोन दिवसांची एक पंगत

आमच्या घरातली सगळी माणसं एकाच पंगतीला जेवताना मी आयुष्यात एकदाच पाहिली, आणि तीही पडद्यावर. प्रत्यक्षात आमच्याकडे दोन पंगती बसतात. आधी आबा, म्हणजे माझे वडील, मी आणि माझा मुलगा. आम्ही उठलो की माझी थोरली बहीण आणि माझी बायको. बहिणीला सगळं गाव अक्का म्हणतं. नवरा गेल्यापासून ती आमच्याकडेच असते.

मी सांगतो आहे तेव्हा बायकोला या घरात येऊन सोळा वर्षं झाली होती, आणि सोळा वर्षांत ती आबांशी एक शब्दही समोरासमोर बोललेली नव्हती. भांडण नव्हतं, रीत तशी होती. आबांना चहा हवा असला की ते अक्काला म्हणत, "घरात सांग, चहा ठेवा म्हना." बायको दोन हातांवर चुलीपुढे बसलेली असे, तिला ते स्वच्छ ऐकू गेलेलं असे. तरी अक्का आत जाऊन ते पुन्हा सांगे, आणि मगच आधण चढे. मला हा शब्दांचा दुहेरी खर्च वाटे, पण मी कधी बोललो नाही.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील. एका हिवाळ्यात शेतकी खात्यातल्या ओळखीच्या माणसाने निरोप पाठवला, की युरोपातून दोघे साहेब फिल्म काढायला आले आहेत, त्यांना केळीची बाग आणि बागाईतदाराचं घर दाखवा. यावल तालुक्यात माझ्यापेक्षा मोठे बागाईतदार पुष्कळ. पण केळी रेल्वेने पाठवणाऱ्या आमच्या गटाच्या वॅगनींचा हिशेब माझ्याकडे असे आणि मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी गाठीला होतं, म्हणून मी सापडलो.

साहेब जळगावला मेहरूणच्या तळ्याकाठी एका बंगल्यात उतरले होते. रोज सकाळी भुसावळवरून फेरा घालून त्यांची जीप धुळीने पांढरी होऊन येई. एक दाढीवाला, तो मुख्य. दुसरा कॅमेरावाला, तो दिवसभरात चार शब्द बोलत असेल. बरोबर मुंबईचा एक तरुण दुभाषा. फिल्म त्यांच्या देशातल्या शाळकरी मुलांसाठी होती, 'केळी कुठून येतात' एवढाच विषय. मात्र खर्चाचा काही भाग तिकडच्या एका बिस्किटवाल्याने दिला होता. त्यामुळे घरातल्या प्रत्येक चित्रात त्या बिस्किटांचा लाल डबा कुठेतरी दिसला पाहिजे, अशी अट होती. आमच्या घरात तेव्हा कोणी बिस्किट खात नव्हतं. अक्काने डबा हातात घेऊन झाकण दोनदा लावून पाहिलं आणि म्हणाली, "झाकन चांगलं बसतं. जाताना इथीच ठेवा म्हना." त्यात आज आमची उडदाची डाळ असते.

पहिले पाच दिवस बागेत गेले. कंद लावण्यापासून घड कापण्यापर्यंत केळीला सव्वा वर्ष लागतं. साहेबांनी ते सव्वा वर्ष पाच दिवसांत उरकलं. कंद एका वाफ्यातला, कोवळं झाड शेजारच्या बांधावरचं, केळफूल तिसऱ्याच शेतातलं आणि घड आमचा. मला ते पटेना. मी दुभाष्याला विचारलं, "मुलांना वाटेल हे एकच झाड आहे. मग हे खोटं नाही का?"

त्याने दाढीवाल्याला विचारलं. दाढीवाला हसला नाही, हे मला आवडलं. त्याने खिशातून बोटभर रुंदीची एक पट्टी काढली आणि उजेडासमोर धरून माझ्या हातात दिली. तीत एकाखाली एक बारीक चित्रं होती, सगळी जवळजवळ सारखी. मी घरून मुलाची फूटपट्टी मागवली आणि मोजलं. एका फुटात चाळीस चित्रं. दुभाषा म्हणाला, "ही पट्टी कात्रीने कापायची आणि दुसरीला चिकटवायची. जोड पडद्यावर दिसत नाही. बघणाऱ्याचं डोकं तो जोड स्वतःच भरून काढतं."

हे वाक्य मी त्या रात्री जेवतानाही घोळवत होतो. बघणाऱ्याचं डोकं कसं काय भरून काढतं? कॅमेरा तर साधा होता. घड्याळासारखी चावी द्यायची, अर्धं मिनिट खर्र आवाज करून तो थांबायचा. आवाज त्यात उतरत नसे. मी कॅमेरावाल्याच्या मागे मागे फिरायला लागलो.

सहाव्या दिवशी दाढीवाल्याने सांगितलं, की आता सगळं कुटुंब एकत्र जेवताना हवं.

आबा ओट्यावर बसले होते. "काय म्हने तो?"

मी सांगितलं, सगळे एकत्र जेवताना हवेत.

"बठ्ठे म्हंजे?"

"बठ्ठे. घरातल्या बायकासुद्धा."

आबांनी पान थुंकलं. "सून सासऱ्यापुढी बसून जेवती? या घरात असं झालं नही, अन् माह्या जित्तेपनी होनार नही. त्याले म्हना, केयी दाखवल्या, आता जाय."

दाढीवाल्याचं तोंड उतरलं. कॅमेरावाल्याने मात्र त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि तोड निघाली. पुरुष आज जेवतील, बायका उद्या. जागा तीच, चटई तीच, वाढणारी अक्का तीच. आबा म्हणाले, "मंग आमची हरकत नही. आमी रोज तेच करतो."

धाब्याच्या घरात स्वयंपाकघर अंधारं, म्हणून पंगत सकाळीच मागच्या अंगणात लिंबाखाली मांडली. कॅमेरावाल्याने एक स्टूल ठेवलं, त्यावर आमचा पाण्याचा तांब्या ठेवला, आणि आबांना सांगितलं की बोलताना या तांब्याकडे बघा. स्टूल कुठे ठेवलं ते त्याने दोरीने मोजून घेतलं. मी विचारलं, कशाला? त्याने नुसता हात हलवला.

आबांनी भरीत-भाकरी खाल्ली, पण चेहरा पंचायतीला बसल्यासारखा. दाढीवाला म्हणे, जरा हसा. आबा म्हणत, "जेवताना हसायचं कशाले? घास नरड्यात अटकन." तेवढ्यात शेजाऱ्यांची बकरी आली आणि स्टुलापलीकडे दाढीवाल्याच्या पाठीमागे खुर्चीवर ठेवलेले त्याचे कागद खायला लागली. आबांनी तिला तांब्याच्या दिशेने चार चांगल्या शिव्या दिल्या. मग दाढीवाला कागद ओढतोय आणि बकरी सोडत नाही, हे पाहून आबा असे हसले की त्यांचा फेटा हलला. कॅमेरा खर्र करत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायकांची पंगत. आबा बागेत निघून गेले होते. बायको डोईवरचा पदर कपाळापर्यंत ओढून बसली. तांब्या आता दुसऱ्या बाजूला, दोरीने मोजून. ती घास घेई, पण मान वर करीना. अक्का वाढता वाढता म्हणाली, "पाह्य की वं त्या तांब्याकडे, तो काय तुहा सासरा हाये?"

मग अक्कालाच दाढीवाल्याची दया आली. सकाळपासून उपाशी आहे म्हणून तिने त्याच्या हातावर भाकरीचा तुकडा आणि ठेचा ठेवला. त्याला ती गोड चटणी वाटली असावी. त्याने सगळा एकदम तोंडात टाकला. क्षणभर काही झालं नाही. मग तो बिस्किटाच्या डब्यासारखा लाल झाला, धावत आला आणि स्टुलावरचा तांब्या उचलून त्याने तोंडाला लावला. बायको तांब्याकडेच बघत होती. ती हसली. तोंडावर हात गेला, पदर खांद्यावर घसरला, तरी हसणं थांबेना. मी सोळा वर्षांत तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. म्हणजे तिचं हसणं मला माहीत होतं, पण ते आतल्या खोलीतलं.

जीप गेली. आम्ही विसरलो.

वर्ष उलटल्यावर फिल्मची एक प्रत जळगावच्या शाळाखात्यात आली आणि तिथून एक मोटार तालुक्यात ती दाखवत फिरू लागली. आमच्या गावी शाळेच्या पटांगणात पांढरा पडदा बांधला. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे. आबांसाठी पुढे खुर्ची.

आधी केळी आली. कंद, झाड, केळफूल, घड. जोड खरंच दिसत नव्हता. ती माझीच शेतं, मला बांध न् बांध ठाऊक, तरी मलाही ते एकच झाड वाटलं. परक्या भाषेत कोणीतरी बोलत होतं. मग आमचं अंगण, कोनाड्यात लाल डबा, अक्का वाढते आहे. आबा मान वळवून काहीतरी बोलतात. आणि लगेच माझी बायको, डोक्यावर पदर नाही, आबांकडे बघून खळखळून हसते आहे. मग पुन्हा आबा, फेटा हलेपर्यंत हसणारे.

दोरी कशाला होती ते मला तेव्हा कळलं. तांब्याच्या जागी आबांसाठी सून होती आणि सुनेसाठी आबा.

मग शेजारचे नाना, बकरीचे मालक, अंधारात मोठ्याने म्हणाले, "काय हो आबा! असा कोनता इनोद सांगितला सुनेले? आमाले बी सांगा!"

सगळे पुरुष हसले. बायकांच्या बाजूला कोणी हसलं नाही. तिथे कुजबूज झाली, ती वाईट. आबा काठी टेकत उठले आणि चालू लागले. मी वळून पाहिलं तर बायकोची जागा रिकामी होती.

घरी ती चुलीपुढे बसली होती, चूल विझलेली. म्हणाली, "मी आता त्यांच्यापुढे कशी येऊ?"

"अगं, तू त्यांच्यापुढे नव्हतीसच. ते आदल्या दिवशी जेवले."

"ते मला माहीत आहे. गावाला?" आणि पदर पुढे ओढत, "गावाचं जाऊ द्या. मामंजींनी मला तशी पाहिली ना?"

गावासाठी तरी माझ्याजवळ उत्तर होतं, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी ती मोटार शेजारच्या गावी गेली होती. मी तिथे जाऊन फिल्म पुन्हा बघितली आणि पुरावा घेऊन आलो. आबा जेवतात तेव्हा लिंबाची सावली भिंतीवर पडली आहे, कारण ती सकाळ. बायको जेवते तेव्हा तीच सावली भिंतीपासून दूर, उलट बाजूला, कारण दुपार. एका जेवणात सावली इकडून तिकडे जात नाही. मी हे नानांना ओट्यावर काडीने आखून समजावलं. नानांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"बरोबर शे तुह्यं," ते म्हणाले. त्यांचं आजोळ धुळ्याकडचं, मजेत आले की तिकडची बोली निघे. "पन मंग ती हसली कोनाले?"

परक्या साहेबाला, हे सांगणं त्याहून वाईट होतं, म्हणून मी काडी टाकून घरी आलो.

दोन दिवस बायको आबा घरात असताना बाहेर आली नाही. पाण्याला गेली तर भल्या पहाटे. "घरात सांग" हे शब्दही बंद झाले. आबा चहा मागेनात, अक्का आपणच करून ठेवी. आबांच्या मनात काय आहे ते कळेना. पूर्वी त्यांनी आपल्या चुलतभावाशी बांधावरून अबोला धरला होता, तो चुलतभाऊ मरेपर्यंत चालला. बायकोलाही ते ठाऊक होतं. ती कपडे पेटीत घालत होती. म्हणाली, चार दिवस माहेरी जाते. चार दिवस हा आकडा तिने ज्या रीतीने म्हटला, तो मला खरा वाटला नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही जेवायला बसलो. अक्का वाढत होती. आबांनी अर्धी भाकरी खाल्ली आणि हात थांबवला. मला वाटलं, आता उठतात.

त्यांनी तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे केलं. अक्काकडे नाही.

"सूनबाई," ते म्हणाले, "म्या असं काय बोललो वं, का तू येवढी हसली?"

अक्काच्या हातातली पळी तशीच राहिली. आबा वाट बघत होते. त्यांना उत्तर हवं होतं, अगदी खरोखर. तीन दिवस ते त्याच विचारात होते हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं.

"तुम्ही नव्हे मामंजी," आतून आवाज आला, आधी बारीक. "साहेबाने ठेचा खाल्ला. सगळा. एका घासात."

"बठ्ठा?"

"बठ्ठा. मग तांब्याला तोंड लावून प्यायला, न् पाणी दाढीतून गळायला लागलं."

आबांचे खांदे हलायला लागले. "अन् म्या तर नानाच्या बकरीले शिव्या देत व्हतो! तिकडली पोरं म्हनत असतीन, म्हातारा सुनेले काय ग्यानाच्या गोष्टी सांगू राह्यला!"

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. ती हसत होती.

"वं सूनबाई," आबा डोळे पुसत म्हणाले, "ठेचा हाये का आज?"

अक्का वाढायला वळली, तर आबांनी तिला हाताने थांबवलं. बायको दारात आली, पदर कपाळापर्यंत, हातात वाटी. वाढून लगेच आत गेली.

पेटीतले कपडे संध्याकाळी पुन्हा दांडीवर आले. पंगती आमच्याकडे अजून दोनच बसतात. पण आबा जेवता जेवता दाराकडे तोंड करून काहीतरी विचारतात, आतून उत्तर येतं, आणि आमची पंगत पूर्वीपेक्षा उशिरा उठते. अक्का कुरकुरते की तिची भाकरी निवते. "आधी मी मधी व्हते, तेच बरं व्हतं," ती म्हणते. "काम तरी लवकर उरकत व्हतं."