ताईला घाबरवणारं पुस्तक

आमच्या वाचनालयाच्या तळघरात फाटक्या पुस्तकांची डागडुजी चाले आणि ते काम तीस वर्षं एकटी एक बाई करत होती. पुठ्ठे कापायचे, सुटलेली पानं दोऱ्याने शिवायची, पाठीला खळ लावायची. बोटांवर कायम खळ वाळलेली, म्हणून सगळे तिला खळमावशी म्हणायचे. मी वर पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीवर असायचो. जेवणाचे डबे मात्र आम्ही दोघं खाली तिच्याच टेबलावर उघडायचो. त्यामुळे ही हकिगत मला तिच्याच तोंडून कळली.

मावशी स्वतः काही वाचत नसे. विचारलं तर म्हणायची, "डॉक्टर काय प्रत्येक पेशंटशी सोयरीक जोडतो?" पण न वाचताही तिला पुस्तकांचं बरंच कळे. पानांच्या कडांवर वाचणाऱ्यांच्या बोटांचा मळ बसतो, त्यावरून ती अंदाज बांधायची. भयकथांच्या कपाटातलं करड्या पुठ्ठ्याचं एक पातळ पुस्तक तिने मला एकदा दाखवलं. एकशेबाराव्या पानापर्यंत मळकट आणि पुढे जवळजवळ कोरं.

"लोक इथे थांबतात," ती म्हणाली.

"कंटाळत असतील."

"कंटाळलेला माणूस विसाव्या पानावर थांबतो रे. शंभर पानं वाचून थांबणारा कंटाळलेला नसतो."

मावशीने लग्न केलं नव्हतं. थोरल्या बहिणीबरोबर ती दोन खोल्यांत राहायची. ताई गणिताची शिक्षिका होती, कडक म्हणून नावाजलेली. निवृत्तीनंतर मधुमेहाने तिचे डोळे गेले, मग हृदयाने दगा दिला. पाय सुजले, दोन पावलं टाकली की धाप लागायची. शेवटी तिने अंथरूण धरलं ते धरलंच. एकदा डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. जाताना मावशीला जिन्यात बोलावून हळूच म्हणाले, "दोन महिने. फार तर तीन." मावशी डोळे पुसून आत आली आणि ताईला म्हणाली, "नवीन गोळ्या लागू पडतील म्हणाले."

त्यानंतर आठवडाभराने ताई अचानक म्हणाली, "तुझ्या वाचनालयातून एखादं भुताचं पुस्तक आण. मला वाचून दाखव."

"तुला? तू तर भुताकडेसुद्धा सिद्धता मागशील."

"मागेन. तू आण तर खरं."

मावशी माझ्या खिडकीशी आली. "घाबरायचं असेल तर आधी कुठलं वाचावं रे?"

मी शहाणपणा करून सगळ्यात जास्त मागणी असलेलं दिलं. जाडजूड, लाल पाठीचं, पहिल्याच पानावर मुडदा. रविवारी दुपारी मावशी पलंगाशी स्टूल ओढून वाचायला बसली. ताई डोळे मिटून बोटांवर मोजत होती. तासाभराने म्हणाली, "नऊ मेले. आणि नऊपैकी एकाचीही मला काळजी वाटली नाही. ज्यांची धड ओळख करून दिली नाही, ते मेले काय आणि जगले काय!"

पुढच्या रविवारी झपाटलेल्या बंगल्याचं पुस्तक. त्यात ताई थोडी रमली, पण अर्ध्यावर कुरकुरायला लागली. "ही माणसं त्या बंगल्यात राहतातच कशाला? कुलूप लावून निघाली की भीती संपली. मला असं सांग, स्वतःच्याच घरात, लख्ख उन्हात, आपल्याच माणसांची भीती वाटेल असं काही नाही का तुमच्याकडे?"

तेव्हा मावशीला ते करडं पुस्तक आठवलं.

त्यात भूत नव्हतं. एक बाई मोठ्या दुखण्यातून उठून घरी परत येते. घरचे सगळे तिच्याशी फार प्रेमाने वागतात. आधी भांडायची ती जाऊसुद्धा आता हसून बोलते. फक्त बाई खोलीत शिरली की चाललेलं बोलणं तुटतं. तिच्या चपला दारातून नाहीशा होतात. विचारलं की म्हणतात, लागतील तेव्हा देऊ. मावशी वाचत होती आणि ताई आता बोटांवर मोजत नव्हती. एकशेबाराव्या पानावर ती बाई बंद दाराला कान लावते. पलीकडे तिची सख्खी धाकटी बहीण कुणाला तरी सांगत असते, "तिला अजून कळू दिलेलं नाही."

मावशीने पुस्तक मिटायला घेतलं, तेवढ्यात ताईने चाचपत तिचं मनगट धरलं.

"जिन्यात डॉक्टर काय म्हणाले?"

"कधी?"

"मला दिसत नाही. ऐकू येतं."

मावशीने मनगट सोडवायला पाहिलं, ताईने सोडलं नाही.

"आकडा सांग मला. मी आकड्यांतली बाई आहे."

"दोन-तीन महिने," मावशी म्हणाली. "त्यातले तीन आठवडे गेले."

ताई रडायला लागली. तिला रडताना मावशीने जन्मात पाहिलं नव्हतं. आई गेली तेव्हाही तीच सगळ्यांना धीर देत होती. "मला भीती वाटते गं," ती म्हणाली. "तू, डॉक्टर, दादा, जो येतो तो म्हणतो घाबरू नका. एकटीनेच घाबरायचं का मी?" मावशीने पुस्तक बाजूला ठेवून तिला मिठीत घेतलं. आपल्यालाही तिच्याइतकीच भीती वाटते, हे तिने तेव्हा पहिल्यांदा कबूल केलं. बऱ्याच वेळाने ताईने नाक पुसलं आणि म्हणाली, "वाच पुढे."

दोघींनी ते पुस्तक त्याच संध्याकाळी संपवलं.

"शेवटी काय होतं?" मी मावशीला विचारलं.

"वाईटच होतं."

सत्य कळल्यावर ताई शांत झाली, असं मात्र काही घडलं नाही. ती मोकळेपणाने घाबरू लागली. मावशी कामाला निघाली की पदर धरून ठेवायची. कधी ओरडायची, कधी मावशीला नको नको ते बोलायची, मग माफी मागायची. मावशीने रजा टाकली. एकोणिसाव्या दिवशी सकाळी तोंड धुवायला पाणी घेऊन गेली, तर ताई संपली होती.

परगावचा थोरला भाऊ, दादा, आला. पलंगाजवळच्या फळीवर त्याला ती तीन पुस्तकं दिसली. "आजारी माणसाला कुणी असलं वाचून दाखवतं का? हाय खाऊन गेली ती!" तो सगळ्यांदेखत म्हणाला. त्याने मावशीशी बोलणं टाकलं ते कायमचं.

कामावर परतल्यावर मावशीने पहिल्याच दिवशी मला विचारलं, "मी सांगितलं नसतं तर आणखी महिनाभर जगली असती का रे?"

"नाही," मी म्हणालो.

"तुला काय माहीत?"

खरंच, मला काय माहीत होतं? ती त्यानंतर डब्यातलं अर्धंअधिक तसंच परत न्यायला लागली.

वर्षभराने एक वाचक बाई माझ्या खिडकीशी आल्या. भयकादंबऱ्या कधी वाचल्या नव्हत्या, सुरुवात कुठून करू, विचारत होत्या. मी त्यांना खाली पाठवलं आणि कुतूहल म्हणून मागोमाग गेलो. मावशीने मान वर न करता विचारलं, "घरी कोण असतं?"

"कुणी नाही. एकटीच."

"मग बंगल्याचं न्या. वाचून झालं की बंगला तिथेच राहतो, आपण आपल्या घरी. करडं न्यायचं असेल तर आधी कुणालातरी सोबतीला बोलवा."

बाई हसल्या. मावशी हसली नाही.

ती निवृत्त झाल्यावर मी एकदा संध्याकाळी तिच्या घरी गेलो. ताईचा पलंग काढून टाकला होता, फरशीवर त्याच्या पायांचे चार फिकट डाग राहिले होते. मावशीने चहा केला. आम्ही वाचनालयातल्या नव्या कपाटांविषयी, कुणाच्या बदलीविषयी बोललो. मग मी निघायला म्हणून उठलो.

"एकटीला भीती वाटते का गं?" मी विचारलं.

"वाटते की," ती म्हणाली. "विचारलंस, बरं केलंस."

मी पुन्हा बसलो. दोघांनीही दिवा लावला नाही. ती बोलत राहिली.